घरचा फोन काढायचा की ठेवायचा?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी घरखर्चाची वही उघडून बसतो. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला दुसरा छंद तो काय असणार! किराणा, दूध, लाईटबिल, मुलीची फी अशा ओळी उतरत उतरत परवा 'टेलिफोन' या ओळीवर आलो आणि घरात तिघींची तीन मते झाली.

पत्नी म्हणाली, "अहो, महिन्यातून चार फोन येत नाहीत त्यावर. आलाच तर कर्जवाल्यांचा. काढून टाका एकदाचा." कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "पप्पा, डबा काढा, पण वायफाय ठेवा. माझा टॅब त्याच्यावरच चालतो." कोपऱ्यात बसलेली आई मात्र एकदम म्हणाली, "आरं, त्यो फोन राहू दे. तुमची ती काचंची पाटी माझ्या बोटाचं ऐकत नाही."

तिघींचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. वही मिटवली, पण विषय मिटला नाही. हा प्रश्न आज आपल्या बहुतेक घरांत आहे. कुठे जुना फोन धूळ खात पडला आहे, कुठे तो केव्हाच गेला आणि त्याच्या जागी टॅब किंवा मोठ्या पडद्याचा मोबाईल आला. तेव्हा म्हटले, जमा आणि नावे अशा दोन बाजू मांडून या दोन्ही वस्तूंचा एकदा ताळेबंदच काढू.

पी.पी. नंबरचे दिवस

आपल्या देशात कोलकाता, मुंबई आणि चेन्नई येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली ती २८ जानेवारी १८८२ रोजी. मधे माणूस न घालता परगावी थेट नंबर फिरवण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये प्रथम सुरू झाली. पण खेड्यापाड्यांपर्यंत फोन पोहोचायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिने १२८ फोनचे एक छोटे स्वयंचलित केंद्र तयार केले. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती, धूळ आणि ऊन ते सोसत होते. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसले आणि मग तशी केंद्रे देशभर गावोगावी गेली.

आमच्या बीडचा कोड ०२४४२, अंबाजोगाईचा ०२४४६. ज्यांच्या घरातील माणसे पुण्या-मुंबईला होती त्यांना हे आकडे आपल्या जन्मतारखेपेक्षा पक्के पाठ असत. पण स्वतःच्या घरात फोन असणे ही गोष्ट आमच्या वस्तीत कुणाच्या स्वप्नातही नव्हती. लग्नपत्रिकेवर नंबर छापायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचे. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा. फोनवाल्याच्या पोराने पळत यायचे, हाक मारायची आणि आपण चपला न घालता धावायचे.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या मागेपुढे हजारो जोड्या कोयता घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि थेट कर्नाटकात जातात, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. मी आजीजवळ गावी राहायचो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वडील कारखान्याजवळच्या बूथवरून फोन करायचे, तोही रात्री उशिरा, कारण तेव्हा दर पाव होई. गावात फोन होता तो एका मोठ्या वाड्यात. आजी आणि मी ठरलेल्या रात्री वाड्याच्या पायरीखाली बसून राहायचो. घंटी वाजली की मला आत बोलावत, आजीला क्वचितच. त्या मिनिटभरात मी काय बोललो ते आठवत नाही, पण पायरीखाली बसलेली आजी आठवते. फोन कुणाच्या घरात आहे याला किती अर्थ असतो, हे मी तिथे शिकलो.

पुढे मला नोकरी लागली आणि २००१ साली आमच्या घरी फोन आला. वायरमनने डबा बसवला त्या दिवशी आईने शेजारणींना चहा पाजला. वस्तीतले पाच-सहा कुटुंबांचे 'पी.पी.' आता आमचे घर झाले. आईने एकच नियम केला, ज्याचा फोन आला त्याला आत बोलवायचे, खुर्ची द्यायची.

फोनला ओहोटी, मोबाईलला भरती

देशात पहिला मोबाईल फोन लागला तो ३१ जुलै १९९५ रोजी. सुरुवातीला आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले आणि मोबाईल सामान्यांच्या खिशात आला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि बटणांच्या जागी काच आली. या शतकाच्या पहिल्या दशकात देशात तारेचे फोन चार कोटींच्या वर गेले होते, ते २०२० पर्यंत दोन कोटींच्या आसपास उतरले. त्याच वर्षी जानेवारीअखेर बी.एस.एन.एल.च्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जोडण्या, खांब, डबे यांची नाडी ओळखणारी एक पिढीच एका दिवसात घरी गेली.

पण गंमत अशी की त्यानंतर हा आकडा पुन्हा वर चढला. ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे मार्च २०२४ अखेर तारेच्या जोडण्या सव्वातीन कोटींवर गेल्या. लोकांना जुन्या फोनची आठवण आली म्हणून हे झाले नाही. इंटरनेटसाठी फायबरची तार घरात आली आणि तिच्याबरोबर फोनचा नंबरही आला. मोबाईलच्या ११५ कोटींहून अधिक जोडण्यांपुढे हा आकडा लहानच, तरी तारेचा फोन मेला असे म्हणणे बरोबर होणार नाही. तो इंटरनेटच्या पाठीवर बसून परत आला आहे.

त्या पावसाळी संध्याकाळी

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. जुना तांब्याच्या तारेचा फोन होता तेव्हा त्याचा एक मोठा गुण होता. घरातील लाईट गेली तरी तो चालायचा, कारण त्याला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून त्याच तारेने यायची. लोडशेडिंगच्या काळात पंखा बंद, दिवा बंद, पण फोन जिवंत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आई म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवून होती.

काही वर्षांपूर्वी आमची तार बदलून फायबर आले. नंबर तोच राहिला, डबा तोच राहिला, त्यामुळे आत काय बदलले ते आम्ही कुणी विचारलेच नाही. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवर जे यंत्र बसते त्याला घरचीच लाईट लागते. लाईट गेली की यंत्र बंद आणि त्याबरोबर फोनही बंद.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वादळ होऊन वीज गेली. मी एका गावी बैठकीला गेलो होतो, पत्नी आणि मुलगी बाजारात. आईला मधुमेह आहे. तिची साखर एकदम उतरली. दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले. तिने घरचा फोन उचलला. आवाज नाही. मुलीचा टॅब घेतला. त्याला कुलूप, आणि आईचे बोट काचेवर उमटेना. शेवटी ती भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि शेजारच्या मावशींना हाक मारली. मावशींनी आधी साखरपाणी पाजले, मग त्यांच्या साध्या बटणाच्या मोबाईलवरून मला फोन केला.

आई वाचली. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. घरात दोन यंत्रे होती, दोन्हींचे पैसे मी दर महिन्याला भरत होतो, आणि ऐन वेळी उपयोगी पडली ती शेजारीण.

नीट विचार केल्यावर लक्षात आले की दोष यंत्रांचा कमी आणि आमच्या अज्ञानाचा जास्त. फायबरच्या यंत्राला जोडायची छोटी बॅटरी साधारण दीड-दोन हजारांच्या आत मिळते आणि काही तास चालते. ती दुसऱ्याच दिवशी आणली. मोबाईलला कितीही कुलूप असले तरी त्या कुलपाच्या पडद्यावरच 'आपत्कालीन' किंवा 'इमर्जन्सी' असे लिहिलेले असते. तिथून कुलूप न उघडता ११२ लावता येतो. हे आईला सांगायचे आम्ही राहून गेलो होतो.

बोटाचे न ऐकणारी पाटी

आईचे बोट काचेवर का उमटत नाही? याला तिचे वय किंवा तिचे न शिकणे कारण नाही. या पडद्यावर एक अतिशय पातळ, दिसू न शकणारा विजेचा थर असतो. माणसाच्या बोटातून थोडी वीज वाहू शकते. बोट टेकले की त्या थरावरील विद्युतभारात किंचित फरक पडतो आणि यंत्राला कळते की इथे स्पर्श झाला. पण कातडी कोरडी आणि जाड असेल तर हा फरक फार कमी पडतो. काच ओली असेल तर यंत्राचा गोंधळ होतो. वीस-बावीस हंगाम कोयता धरलेल्या हाताला घट्टे पडणारच. रेशन दुकानातील यंत्रावर आईच्या बोटाचा ठसा उमटत नाही तो रेषा झिजल्या म्हणून, आणि काचेवर स्पर्श उमटत नाही तो घट्ट्यांमुळे. कारणे दोन असली तरी मुळाशी कष्ट एकच.

यावर उपाय आहे. पडद्याला चालणारी रबरी टोकाची पेन्सिल थोडक्या पैशांत मिळते. बोट किंचित ओलसर करून पुसले तरी फरक पडतो. बोलून नंबर लावण्याची सोय मराठीतही आहे. घरातल्या मुलांनी आजी-आजोबांना हे एकदा नव्हे, दहादा शिकवावे. "तुला काही कळत नाही" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावे.

पाटीची जमा बाजू

काचेच्या पाटीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिने दिलेलेही वहीत मांडले पाहिजे. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाईलवर आल्या तेव्हा ज्यांच्या घरात असा एकही पडदा नव्हता ती मुले नुसती बसून राहिली. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, परीक्षेचा अर्ज ऑनलाईन, निकालही ऑनलाईन. ही कामे घरच्या टॅबवर झाली तर मुलाचा एक दिवस आणि सेतू केंद्रापर्यंतचे भाडे वाचते.

बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले. ते विकत घेण्यासाठी आम्ही चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या स्टॉलवर रांगा लावल्या, पिशव्या भरून एस.टी.ने आणले. आज त्यांतील इंग्रजी खंड सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. माझी मुलगी रात्री अक्षर मोठे करून वाचते. कागदाच्या पुस्तकाची सर त्याला नाही असे मला वाटते, तिला तसे वाटत नाही. वाचते आहे ना, मग माझी तक्रार नाही.

आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरे? हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेले पोर आज संध्याकाळी फडातल्या आईचा चेहरा बघू शकते. मला वडिलांचा नुसता आवाज मिळायचा, तोही दुसऱ्याच्या वाड्यात. मुकादमाकडून किती उचल घेतली, किती फिटली, त्या कागदाचा फोटो आता मजुराच्या स्वतःच्या खिशात राहू शकतो. हिशेबाच्या वेळी तोंडी शब्दापेक्षा तो फोटो फार कामाचा ठरतो, हे मी मजुरांबरोबर बसून पाहिले आहे.

घरचा की खिशातला?

तरीही एक गोष्ट मनाला टोचते. जुना फोन घराचा होता, मोबाईल एकाचा असतो, आणि तो एक बहुतेक वेळा पुरुष असतो. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारले गेले. मोबाईल वापरता येणाऱ्या मुलग्यांत शंभरी ४४ च्या आसपास जणांकडे स्वतःचा मोबाईल होता. मुलींत हे प्रमाण २० च्या आसपास. घरात मोबाईल आहे, वापरताही येतो, पण मालकी भावाची!

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा हे चित्र फार जवळून दिसले. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागे. आमच्या वस्तीत कितीतरी भगिनी आकड्यासाठी नवऱ्याच्या घरी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. कुणाचा नवरा फडावर, कुणाचा मोबाईल रिचार्जविना बंद. ओटीपी तारेच्या फोनवर येत नाही, त्यामुळे इथे जुना डबा काही कामाचा नाही. उपाय एकच, घरातील प्रत्येक स्त्रीच्या नावावर स्वतःचा नंबर हवा आणि तोच आधारला आणि बँकेला जोडलेला हवा. मोबाईल साधा असला तरी चालेल.

हे सगळे मी जेवताना बोलत होतो तेव्हा मुलगी हसून म्हणाली, "पप्पा, घरचा फोन सगळ्यांचा होता म्हणता, पण आत्याला कुणाचा फोन आला तर सगळे घर कान लावून बसायचे ना?" मला उत्तर सुचले नाही. माझी बहीण आपल्या मैत्रिणीशीही धड बोलू शकत नसे, हे खरे आहे. सामायिक वस्तूत सोय असते आणि पहाराही असतो. म्हणून टॅब घराचा असावा, पण मोबाईल नंबर ज्याचा त्याचा असावा, असे माझे मत झाले.

नावे बाजूही बघू

नावे बाजूला सर्वांत मोठी रक्कम फसवणुकीची. "तुमच्या नावाने गुन्हा दाखल आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" असे सांगून पोलिसी वेशातील भामटे पैसे उकळतात. त्याला 'डिजिटल अटक' म्हणतात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे घरातील प्रत्येकाला पाठ करून द्या. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे हाती येणे अवघड.

दुसरी रक्कम वेळेची. जेवणाच्या ताटापुढे पडदा, अभ्यासाच्या वहीखाली पडदा. आमच्या घरी रात्री दहानंतर टॅब पुढच्या खोलीत, जुन्या फोनशेजारी चार्जिंगला लागतो. हा नियम मलाही लागू आहे, आणि मोडतो तो बहुधा मीच.

मग काढायचा की ठेवायचा?

ताळेबंद असा. ज्या घरात इंटरनेटसाठी फायबर घेतलेच आहे तिथे फोनचा डबा ठेवावा. फार वेगळा खर्च पडत नाही, मात्र बॅटरी जोडावी. ज्या घरात वृद्ध, अपंग किंवा लहान मुले एकटी असतात तिथे मोठ्या बटणांचा फोन, तारेचा असो की मोबाईल, एका ठरलेल्या जागी असावाच. जिथे सर्व जाणत्या माणसांकडे आपापला मोबाईल आहे आणि नेटची गरज नाही, तिथे नुसत्या आठवणीखातर बिल भरण्यात अर्थ नाही. टॅब घेताना मात्र तो 'पोराचा' म्हणून नको, 'घराचा' म्हणून घ्या.

तारेच्या फोनवरून मोबाईल लावताना आधी शून्य फिरवावा लागतो. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे आणि अनेक वृद्धांना तो माहीत नसल्याने फोन लागत नाही.

आणखी एक काम आजच करा. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत हे नंबर लिहून फोनच्या वर भिंतीला लावा: कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिका १०८, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, सायबर फसवणूक १९३०. आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६. ही राष्ट्रीय हेल्पलाईन डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास चालते, आणि आपल्याच वस्त्यांत तिची माहिती फार थोड्यांना आहे. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक लिहून घ्या. विहाराच्या भिंतीवरही हाच पुठ्ठा लावता येईल. सर्वांत खाली शेजाऱ्याचा नंबर लिहायला विसरू नका.

पुठ्ठा लिहून झाल्यावर मी मुलीला सहज विचारले, "माझा मोबाईल हरवला, तुझाही हरवला, तर तू घरी फोन कसा करशील?" ती थांबली. तिला माझा नंबर पाठ नव्हता. आईचाही नव्हता. कोपऱ्यातून तिच्या आजीने मात्र कोडसकट आमच्या घरचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला, पाठोपाठ मावशींचाही.

वहीतील टेलिफोनची ओळ आम्ही खोडली नाही. वाचक बंधू-भगिनींनो, तुम्ही आपल्या घरची ओळ ठेवा किंवा खोडा, पण आज रात्री जेवताना मुलांना एक तरी नंबर तोंडपाठ विचारून बघा.